चि. पॅड यास

चिपळूण,
दसऱ्यानंतरचा रविवार, रात्र

चि. पॅड यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र लिहिण्यास कारण की, उद्या सकाळचा चहा झाला की मी लाकूड घासायच्या सँडर मशीनवरून तुझे चारही स्क्रू काढणार आहे. कोणाला काही न सांगता हे उरकता आलं असतं. कारखान्यातले मिस्त्री म्हणालेसुद्धा, "ताई, दहा मिनिटांचं काम, मी करून टाकतो." मी नको म्हटलं. दीड वर्ष तू माझ्या हाताखाली राबलंस. माणूस काम सोडून जातो तेव्हा त्याचा हिशेब चुकता करून, चहा पाजून निरोप देतात. तुझा हिशेब पैशांत होत नाही, म्हणून कागद घेतला.

'चिरंजीव' लिहिताना हात थबकला होता. धाकट्याला पत्र लिहायचं तर मायना हाच, दुसरा मला येत नाही. पण ज्याला झिजण्यासाठीच घडवलं त्याला चिरंजीव म्हणायचं, याचं वाईट वाटलं. तरी शब्द खोडला नाही.

आधी इकडची खबर. गुहागरकडच्या घराचा झोपाळा तुला ठाऊक आहेच. साडेपाच फुटांची फणसाची अखंड फळी, पावणेदोन इंच जाड, हळदीच्या रंगाची. ८० नंबरचा काचपेपर झाला, १२० झाला, १८० झाला, गुरुवारी २२० मारून मी फळीवरून तळहात फिरवला आणि खूश झाले. शुक्रवारी सीलरचा पहिला हात दिला. काल संध्याकाळी फळीच्या टोकाशी दिवा खाली ठेवला, उजेड आडवा पडू दिला आणि पोटात गोळा आला. फळीभर बारीक बारीक वेटोळी उमटलेली. पोरांनी पाटीवर पेन्सिल गोल गोल गिरवावी तशी. हाताला लागत नव्हती, कोऱ्या लाकडावर दिसतही नव्हती. सीलर बसला तशी एकेक करून वर आली.

आधी पेपरवर संशय घेतला. मग मशीन पालथं केलं आणि तुझ्याकडे नीट पाहिलं. किती दिवसांनी पाहिलं, ते मलाच सांगता येईना. तुझ्या तोंडावरचे वेल्क्रोचे आकडे मधे उभे होते, पण कडेला बोटभर रुंदीचा पट्टा गुळगुळीत झाला होता, गवत कापून नेलेल्या बांधासारखा. कडेला पकड राहिली नाही म्हणून पेपर दोन-तीन मिलिमीटर सरकला. तो सरकला म्हणून त्याची आठ भोकं तुझ्या आठ भोकांवरून हलली, अर्धी झाकली गेली. भोकं झाकली म्हणून भुसा वर ओढला जाईना, आणि पेपराचे सुटलेले कण त्या भुशात अडकून फळीवर फरफटत राहिले. वेटोळी त्यांची होती. बोटभर कडेच्या झिजेनं साडेपाच फुटांची फळी बिघडली.

आता तक्रार. तू मला सांगितलं का नाहीस? कारखान्यातली प्रत्येक वस्तू काहीतरी सांगते. करवतीच्या पात्याची धार गेली की लाकूड जळल्याचा वास येतो. रंधा बोथट झाला की तासताना अडकतो, सालपट फाटतं. मोटरचे कार्बन संपत आले की ठिणग्या दिसतात. तू मात्र खाली, सगळ्यांच्या नजरेआड, न बोलता झिजत राहिलंस, आणि बोललंस ते थेट फळीवर. काल रात्री मी तुला टाकून बोलले. मिस्त्रींनी ऐकलं, तूही ऐकलं असशील.

पण रात्री झोप लागेना, तेव्हा एक गोष्ट आठवली. नव्या पॅडवरून पेपर ओढून काढताना कसा आवाज येतो! चर्रर्र करून, नवं मांजरपाट टरकावल्यासारखा. तू आलंस तेव्हा तुझा तो आवाज अंगणापर्यंत जायचा. पुढे तो कमी झाला. गणपतीच्या सुमारास पेपर निघताना नुसती सरसर व्हायची. आणि या महिन्यात तर मी बोटाच्या टोकानं पेपर उचलत होते, सुटा होऊन येतो म्हणून सोयीचं वाटत होतं. तू सांगत होतंस. रोज चार-पाच वेळा सांगत होतंस. टाकून बोललेले शब्द मी परत घेते.

तुझं काम किती अवघड आहे, हे मशीन विकणारे कधी सांगत नाहीत. ते मोटरचे वॅट सांगतात. मोटर तुला मिनिटाला १२,००० वेळा दोन-तीन मिलिमीटरच्या इवल्याशा वर्तुळात हलवते. तेवढंच असतं तर प्रत्येक ओरखडा त्याच जागी, त्याच मापाचा पडला असता. पण तुला बेअरिंगवर मोकळं बसवलेलं असतं, म्हणून हलता हलता तू स्वतःभोवतीही सावकाश फिरतंस, आणि एक ओरखडा दुसऱ्याला पुसत जातो. लाकूड गुळगुळीत होतं ते यामुळे. वरून कोणी जोर दिला की हे फिरणं थांबतं आणि उरते नुसती थरथर. कारखान्यातल्या नव्या पोराला हे कितीही समजावलं तरी पटेना, तेव्हा मी तुझ्या कडेला काळ्या मार्करनं एक रेघ ओढली. "ही रेघ फिरताना दिसली पाहिजे. दिसेनाशी झाली तर फार वेगात आहे, थांबली तर तू दाबतोयस." त्या दिवसापासून त्याचा हात हलका झाला. ती रेघ अजून तुझ्या अंगावर आहे.

जोर दिल्यानं तुझं जे होतं ते तर वेगळंच. तुझे आकडे नायलॉनचे. घर्षणानं ऊब चढली की नायलॉन मऊ पडतं, आकड्यांच्या माना वाकतात, आणि वाकलेली मान परत सरळ होत नाही. कड लवकर जाते ती मशीन तिरकं धरल्यामुळे. एखादा डाग, एखादी गाठ दिसली की मनगट आपोआप कलतं आणि सगळा भार तुझ्या कडेच्या दोन बोटं जागेवर येतो. मिस्त्री कलवतात, पोरगा कलवतो, मीही कलवते. दोन महिन्यांपूर्वी पाच इंची पेपर संपले म्हणून मी स्वतः तुझ्यावर एका मापानं लहान पेपर लावून दिवस काढला. उघडे राहिलेले आकडे दिवसभर लाकडावर घासले गेले. कडेच्या त्या पट्ट्यात माझा एवढा वाटा आहे, हे लिहून ठेवते.

तुझं कूळ मोठं आहे. तुझा फोम पॉलियुरेथेनचा. १९३७ साली जर्मनीत लेव्हरकुझेनला ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घडवलं. मी दारांवर फवारते ते पी.यू. पॉलिशही त्याच कुळातलं, म्हणजे लाकडाला तुम्ही दोघं सगोत्र भेटता, एक घासायला आणि एक झाकायला. आणि तुझे आकडे स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल यांच्या डोक्यातून आले. १९४१ साली ते कुत्र्याला घेऊन डोंगरात फिरायला गेले, परत आल्यावर कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी बोंडं त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर प्रत्येक काट्याच्या टोकाला आकडा. १९५५ साली त्यांना पेटंट मिळालं. आमच्याकडे भाताच्या कापणीला शेतातून आलं की लुगड्याच्या काठाला कुसळं चिकटतात. आई ती उंबऱ्यावर बसून वेचायची.

मला मात्र तुझा खरा पूर्वज आमच्या पडवीत भेटला. वडील सुतार. त्यांच्या वेळी मशीन नव्हतं. लाकडाच्या ठोकळ्याभोवती काचपेपर गुंडाळायचा आणि उभ्या रेषांच्या दिशेनं घासायचं. पण नुसता ठोकळा कडक. पेपराखाली एक दाणा जरी आला तरी लाकडात चरा पडतो. म्हणून वडिलांनी ठोकळ्याच्या पोटाला हवाई चपलेच्या तळाचा तुकडा चिकटवला होता. निळा रंग, मधे टाचेचा खळगा. ती चप्पल माझी होती. शाळेत जायला दुसरी नव्हती म्हणून मी रडले होते, तेव्हा त्यांनी मला जवळ बसवून माझा हात धरून त्या ठोकळ्यानं देव्हाऱ्याची कमान घासून घेतली. वळणावर रबर दबत होतं आणि वळण तसंच राहत होतं. मी रडायची थांबले. आजही मशीन वळणावर नेताना तू दबतंस तेव्हा तळहाताला तीच जाणीव होते.

वडील आयुष्यभर खोकले. तो खोकला भुशाचा होता की कशाचा, हे आता ठरवता येणार नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ साली लाकडाचा भुसा हा माणसाला कर्करोग करू शकणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात घातला, नाकाच्या आतल्या पोकळ्यांच्या कर्करोगासाठी मुख्यतः, हे वाचल्यापासून तुझ्या आठ भोकांकडे मी वेगळ्या नजरेनं पाहते. पेपराची भोकं तुझ्या भोकांवर बसवायला दोन सेकंद लागतात. ते दोन सेकंद कंटाळा म्हणून सोडणाऱ्याला मी रागावते, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे फळी नसते.

तुझ्या थोरल्याची, म्हणजे याच मशीनवरच्या आधीच्या एका पॅडची, आठवण येते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली तेव्हा कारखान्यात छातीएवढं पाणी होतं. मशीन माळ्यावर होतं म्हणून वाचलं. पुढे लोकांनी दारं आणायला सुरुवात केली. फुगलेली, चौकटीत अडकून पहारीनं काढलेली, पॉलिश पांढरं पडलेलं. सागवानाच्या रंध्रारंध्रांत गाळ. सावलीत उभी करून वाळवता वाळवता थंडी आली, आणि मग घासायला घेतली. तो गाळ पिठापेक्षा बारीक होता. पेपर पाच मिनिटांत बुजायचा आणि त्याच्यामागून थोरल्याचे आकडे बुजायचे. पेपर बसेना. मी समजले पॅड गेलं. तेव्हा एका वयस्क पॉलिशवाल्यानं मला जुना दात घासायचा ब्रश आणायला लावला, आकड्यांमधून आडवा-उभा फिरवला, कॉम्प्रेसरची हवा मारली, आणि पेपर घट्ट बसला. त्या हिवाळ्यात रोज संध्याकाळी दिवे मालवण्याआधी मी हेच करायचे. थोरलं त्या ऐंशी-नव्वद दारांना पुरून उरलं. तुझ्या वाट्याला तो ब्रश आठवड्यातून एकदाही आला नाही. तो खिळ्याला टांगलेलाच राहिला.

काटकसरीचंही सांगते, कारण तीच माझी मोठी चूक. पुरानंतर हात आखडता होता. मी एकदम पाच पॅड मागवली, स्वस्त पडतात म्हणून. चार वापरली. पाचवं कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत चार पावसाळे राहिलं. काढलं तेव्हा बोट लावताच फोम भिजलेल्या बिस्किटासारखा कोसळला. एकदाही मशीनवर न चढता गेलं. काही फोमना दमट हवा आतून खाते, पाण्याचा अंश शिरून त्यांच्या साखळ्याच तोडतो. साठच्या दशकातल्या फोमच्या खुर्च्या मोठमोठ्या संग्रहालयांत अशाच भुगा होऊन पडतात. आमच्या कोकणच्या हवेला तर निमित्तच लागत नाही. तेव्हापासून एक मशीनवर आणि एक कपाटात, एवढंच. पाठीवर आणल्याची तारीख.

दुसऱ्या वेळी एका दुकानातून कमी किमतीचं पॅड आणलं. स्क्रूची भोकं जुळली, म्हणून चालेल असं धरलं. पण मशीनच्या आत तुझ्या वजनाला तोलणारं वजन बसवलेलं असतं. पॅड जड किंवा हलकं आलं की तोल जातो आणि मशीन थरथरतं. दोन दिवसांत माझ्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या, चहाचा कप धरवेना. तिसरा उद्योग पोरानं केला. झिजलेल्या पॅडवर नव्या वेल्क्रोचा तुकडा चपलेच्या गमानं चिकटवला. चालत्या मशीनच्या उबेनं गम सुटला आणि तुकडा पेपरासकट भिंतीवर जाऊन आदळला. कोणाला लागलं नाही, देवाची कृपा.

पण सगळ्यांत जास्त सलतं ते कपाटाचं दार. व्हिनिअरचं. वरचा लाकडाचा पापुद्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर. पॅडची कड झिजून गोल झालेली होती आणि मला ती दिसत होती. "हे एवढं काम होऊ दे, मग बदलू," असं मी म्हटलं. दाराच्या कडेशी पापुद्रा संपला, खालचं प्लाय पांढरं होऊन वर आलं. व्हिनिअरवर याला उपाय नाही. पूर्ण दार नवं करून दिलं. मशीनच्या किमतीपुढे पॅड ते काय! ते वाचवायला मी एक झाड खर्च करत होते, पापुद्र्यापापुद्र्यानं. या झोपाळ्याच्या फळीचंही तेच झालं. आता सीलर काढून परत १२० पासून यावं लागेल. फणसाचं ते लाकूड त्याच घराच्या परसातल्या झाडाचं आहे, तिथल्या आजेसासऱ्यांनी लावलेल्या. त्यातला केसभर थर माझ्या आळसापायी भुसा होऊन पिशवीत जाणार.

म्हणून तुझ्याकडे मागणं आहे. उद्या तुझ्या जागी नवं येईल. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटहून कुरिअरनं आलं आहे, कंपनीचंच, आठ भोकांचं. त्याच्यासोबत वरची काळी रबरी रिंगही मागवली, कारण तीही गेली आहे. मशीन उचललं की तू हवेत भिरभिरायला लागतंस आणि टेकताना लाकडाला चंद्रकोरीसारखा चावा घेतंस, ते त्या रिंगेचं दुखणं, तुझं नव्हे. प्लग काढून ठेवीन. स्क्रू एकदम न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळीन. बेअरिंग हातानं फिरवून खरखर ऐकीन. जाळीच्या पेपरातून गरम भुसा थेट आकड्यांवर येतो, म्हणून तो लावायचा असेल तेव्हा मधे पातळ रक्षक पॅड घालीन. मशीन तोंडावर उभं ठेवणार नाही, रात्रभर त्याचा भार फोमनं का वाहावा? आणि रोज पेपर काढताना आवाज ऐकीन. एवढं मी कबूल करते. तू फक्त रागावून जाऊ नकोस.

तुला फेकणार नाही. तुझी कड गेली, मधला भाग धड आहे. मशीनच्या वेगाला तो पुरणार नाही, पण हाताच्या वेगाला पुष्कळ आहे. पात्यानं तुझा फोम प्लॅस्टिकच्या ताटलीवरून सोडवीन, मधून चौकोन कापीन आणि सागाच्या ठोकळ्याला चिकटवीन. ठोकळा वडिलांचाच आहे. त्याच्या पोटाची निळी चप्पल कधीच गळून पडली, गमाचा डाग उरला आहे. झोपाळ्याच्या फळीची पुढची कड गोल करायची आहे, बसणाऱ्याच्या मांडीखाली येते ती. तिथं मशीन नेत नाही मी. ती तुझ्याकडून करून घ्यायची आहे.

कळावे. बाकी क्षेम.

तुझी,
कारखान्यातली ताई

ता. क. सोमवार, सकाळी साडेदहा. नवं पॅड बसलं. पेपर लावून एकदा ओढून पाहिला, तर मिस्त्री पलीकडच्या खोलीतून विचारायला आले की काय फाटलं.